चंद्र पडालाय

माझ्या सासऱ्यांच्या मते या जगात आजवर एकही वस्तू उभी राहिलेली नाही. जे उभं दिसतं ते अजून पडलेलं नाही, एवढंच. देवळाचा कळस, बंद गिरणीची चिमणी, दुकानात रचलेले कडक भाकऱ्यांचे मनोरे, निवडून आलेला नगरसेवक आणि मी, हे सगळे त्यांच्या लेखी पडण्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवरचे पदार्थ. त्यात माझा टप्पा बराच पुढचा, असं ते माझ्या लग्नाआधीपासून म्हणत आलेत आणि मला त्यांना खोटं पाडता आलेलं नाही. अशा माणसावर म्हातारपणी एकच अट घातली गेली, की पडायचं नाही. अट त्यांच्याच लेकीनं घातली आणि ती पाळली जाते की नाही हे बघायची जबाबदारी, सगळ्या घराण्याच्या दुर्दैवानं, माझ्यावर पडली. ती हकिकत मला सांगायची आहे. पण मामांच्या, म्हणजे या सासऱ्यांच्या, बाबतीत काही सरळ रेषेत सांगता येत नाही, कारण सरळ रेष त्यांच्या खिशात असते.

खिशात म्हणजे खरोखरच खिशात. गवंडी भिंतीची उभी रेघ तपासायला दोरीला बांधलेलं वजन सोडतात, तो ओळंबा. मामांचा ओळंबा पितळी, लिंबाएवढा, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. त्यांचे वडील सोलापूरच्या पूर्व भागातल्या बाकीच्या तेलुगू मंडळींसारखे मागावर चादरी विणणारे. मामा मात्र खटखट ऐकून कंटाळले आणि बांधकामांवर मुकादम झाले. घरात तेलुगू, गल्लीत दखनी, कामावर मराठी आणि स्लॅब टाकताना तिन्ही, असं त्यांचं भाषाधोरण. मराठीही अस्सल सोलापुरी, 'पडतोय'ला 'पडालाय' म्हणणारी. निवृत्त झाल्यावर लोक घड्याळ मिरवतात, मामांनी ओळंबा जवळ ठेवला. लग्नाला गेले की आधी मांडवाचा खांब तपासणार, मग अक्षता. एकदा आम्ही एकांकडे सांत्वनाला गेलो होतो. सगळे माना खाली घालून बसलेले. मामा उठले, हार घातलेल्या फोटोशेजारी ओळंबा सोडला, फोटो बोटभर उजवीकडं सरकवला आणि हळूच म्हणाले, "आता तरी सरळ राहू द्या त्यांना." घरातल्या बाईंना रडता रडता हसू फुटलं. तेव्हापासून त्या घरात मामांना फार मान आहे.

मी त्यांच्या मुलीला मागणी घालायला गेलो तेव्हा त्यांनी मला दारातच उभं केलं आणि माझ्या कानाशेजारी ओळंबा सोडला. माझं पंखे आणि मिक्सरचं दुकान आहे, जात वेगळी, भाषा वेगळी, त्यामुळं प्रश्न पुष्कळ येतील म्हणून मी उत्तरं पाठ करून आलो होतो. भौतिक तपासणीची तयारी नव्हती. मामा एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले. "डावीकडं कललंय," ते आत बघून म्हणाले. मी घाईनं सरळ झालो तर उजवीकडं कललो. आतून सासूबाईंचा तेलुगूत प्रश्न आला, बहुधा चहा टाकू की नको असा. मामा दोरी गुंडाळत म्हणाले, "कललेलं चालतंय. ओळंबा लावून घेतोय का पळून जातोय, ते बघालतो." अशा रीतीनं मी त्यांचा अल्लुडू, म्हणजे जावई, झालो.

जावई झाल्याचा आनंद म्हणून मी त्यांच्या खोलीत माझ्या हातानं छताचा पंखा बसवून दिला. दुकानात कारागीर होता, पण मला सासुरवाडीत छाप पाडायची होती. छाप पडली नाही, पंखा पडला. सुदैवानं खाली फक्त कॉट होती. मी धावत गेलो तर मामा कॉटवर पंख्याशेजारी मांडी घालून बसलेले, आजारी नातेवाइकाजवळ बसावं तसे. "अल्लुडू, मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले, "पंखा आज पडला न्हाई. लावल्यापास्नं पडालता. हुकानं धरून ठेवलं होतं, त्याचा हात दमला."

हे त्यांचं ज्ञान कुठून आलं, तर रद्दीच्या दुकानातून. भौतिकशास्त्राची जुनी पुस्तकं ते तिथून वजनावर आणत. गुरुत्वाकर्षणाची पुस्तकं वजनावरच घेतली पाहिजेत यात त्यांना काही विनोद वाटत नसे. मी एकदा, आपल्यालाही काही येतं हे दाखवायला, सफरचंदाची गोष्ट काढली. मामा वैतागले. "सफरचंद पडलेलं सगळ्यांनीच बघितलंय की. त्यात काय. चंद्र पण तसाच पडालाय, हे त्या साहेबानं बघितलं." मी वर बघितलं. चंद्र जागेवर होता. मामांनी माझी कीव केली. म्हणाले, दगड हळू फेकला तर पायाशी पडतो, जोरात फेकला तर गल्लीच्या टोकाला. आणखी जोरात फेकला तर अक्कलकोटला पडेल. आणि इतका जोरात फेकला की तो पडेपर्यंत खालची गोल जमीनच वळून खाली गेली, तर तो पडतच राहणार आणि जमीन काही लागायची नाही. "चंद्राचं तसंच झालंय. पडालाय, पण लागंना. लागंना म्हणून फिरालाय." ते हे इतक्या कळवळ्यानं बोलले की मला चंद्राची काळजी वाटायला लागली.

मराठीवर तर त्यांचं याच कारणासाठी प्रेम. "आमच्या तेलुगूत पण माणूस भीतीत पडतो, कष्टात पडतो," ते म्हणत, "पण तुमच्यात काय सोडलंच न्हाई की. प्रश्न पडतो, स्वप्न पडतं, उजेड पडतो, अंधार पडतो, विसर पडतो, फरक पडतो. पोरगं जन्मलं की नाव पडतं. मोठं झालं की प्रेमात पडतं. तुमच्या पूर्वजांना सगळं कळालं होतं, लिहून ठेवायचं राहिलं." ते आमच्या आळसात पडलं असणार, असं मी म्हणालो. त्यावर मामांनी पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली.

त्यांचं सगळंच बरोबर निघे असं मात्र नाही. चंद्र समुद्राला ओढतो म्हणून भरती येते, हे वाचल्यावर त्यांनी कंबर तलावात काठी रोवली आणि पाणी कुठवर येतं ते रोज बघायला लागले. पाणी खरोखर चढायचं आणि उतरायचं. मामा आठवडाभर हवेत होते. मग कुणीतरी दाखवलं, की म्हशी डुंबायला उतरल्या की पाणी चढतं आणि गेल्या की उतरतं. मामांनी काठी उपटून घरी आणली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चंद्र ओढालाय. तलाव लहान पडतोय बिचारा. आपल्याला कुणी ओढालंय हे त्याला कळंना."

मग मी त्यांना आणि सासूबाईंना कोकणात समुद्र दाखवायला नेलं. सकाळी नाष्टा करायच्या आधी मी गाडी थेट वाळूवर लावली, लाटांसमोर, जाहिरातीत असते तशी. मामा म्हणाले, "अल्लुडू, आज अमावस्या हाय. सूर्य आणि चंद्र एका बाजूनं ओढणार. दुपारला पाणी हितं येणार." समुद्र त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितला होता, अर्धा तासही झाला नव्हता. मी त्या माणसाला म्हणालो, "मामा, तुमच्या तलावातल्या म्हशी इथं नाहीत." आणि पोहे खायला निघून गेलो. दुपारी माझी गाडी खिडकीपर्यंत समुद्रात होती. गावातल्या लोकांनी बैल लावून ती ओढून काढली. ज्याला त्याला वाटत होतं की मामा आता मला बोलणार. पण ते पाण्यात गुडघाभर उभे होते, धोतर वर धरून, आणि लहान मुलासारखे हसत सासूबाईंना हाका मारत होते, "बघ, बघ, आलं. सांगितलं होतं तसं आलं." न बघितलेली गोष्ट नुसत्या विचारानं आधी कळते आणि मग ती खरंच येते, यातला आनंद मी त्या दिवशी दुसऱ्याच्या चेहऱ्यावर बघितला. माझ्या चेहऱ्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

संक्रांतीच्या यात्रेत सोलापुरात नंदीध्वज निघतात, हे सांगायला नको. घराच्या वर जाणारी, सजवलेली जड काठी एकटा माणूस कमरेच्या पट्ट्यात उभी धरून चालतो. लोक हात जोडतात. मामाही जोडतात, पण त्यांची नजर पेलणाऱ्याच्या पायांकडे. "बघा, काठी सरळ न्हाई हां," ते दरवर्षी मला सांगतात. "काठी पडालीच हाय. ती जिकडं पडंल तिकडं ह्यो खाली जातोय. तिनं डावीकडं मान टाकली की ह्याचा पाय डावीकडं. पेलायचं म्हंजे धरायचं न्हाई, अल्लुडू. पडणाऱ्याच्या खाली जात राहायचं."

सासूबाई गेल्या आणि मामा पूर्व भागातल्या आपल्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहिले. गल्लीतले लोक येत आणि म्हणत, एकटे पडलात हो मामा. एका संध्याकाळी ते गच्चीवर मला म्हणाले, "अल्लुडू, तेलुगूत माणूस एकटा होतो. मराठीत एकटा पडतो. ह्ये पडणं कुठनं कुठं असतंय?" उत्तरासाठी ते थांबले नाहीत. "मराठीचं बरोबर हाय," ते म्हणाले, "तसंच वाटतंय. पडालोय, पण जमीन लागंना."

त्यानंतर काही महिन्यांनी ते गच्चीच्या जिन्यावर पडले. उभा चढ, अरुंद पायऱ्या, कठडा नाही. मुकादमानं स्वतःच्या घराला जिना असाच बांधायचा असतो. मनगट मुरगळलं, बाकी काही झालं नाही. मामांनी घटनेचं वर्णन "पडलो न्हाई, बसलो. जरा वेगानं बसलो" असं केलं. माझी बायको त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. ती त्यांना नायना म्हणते, म्हणजे बाबा, आणि ते तिला बिड्डा, म्हणजे बाळ. "नायना, आणखी एकदा असं बसलात की या जिन्याला कुलूप, आणि तुम्ही आमच्याकडं."

आमच्याकडं म्हणजे जुळे सोलापूरला, शहराच्या दुसऱ्या टोकाला, तळमजल्यावर. चारी बाजूंना इमारती. आकाश आहे, पण ते वरच्या मजल्यावरच्यांचं. मामांना त्यांची गच्ची सोडायची नव्हती. पूर्वेला पार क्षितिजापर्यंत मोकळं दिसणारी शहरातली ती शेवटची गच्ची, असं त्यांचं म्हणणं. खाट, ओळंबा आणि आकाश, एवढाच त्यांचा संसार उरला होता. "आणि लांब कुठं हाय मी?" ते लेकीला समजावत. "माझ्या दारात ओळंबा सोडा, तुमच्या दारात सोडा. दोन दोऱ्या सरळ दिसतात, पण दोनीची टोकं पृथ्वीच्या मधोमध बघालती. खाली जाऊन एकाच जागी भेटतात."

"तिथं जेवायला कोण वाढणार?" बायको म्हणाली.

मामांनी एवढीच सवलत मागितली, की फाल्गुनातल्या पौर्णिमेला गच्चीवर चढू दे. त्या संध्याकाळी चंद्रग्रहण होतं आणि आपल्याकडं चंद्र उगवणारच मुळी ग्रहण लागलेला. उगवल्यावर थोडाच वेळ ते दिसणार, म्हणजे क्षितिज मोकळं हवं, म्हणजे गच्चीच हवी. ग्रहण म्हणजे मामांची दिवाळी. पाऊस कधी येईल सांगता येत नाही, आपल्या नळाला पाणी कधी येईल तेही सांगता येत नाही, पण नातवाच्या नातवाला कुठलं ग्रहण दिसेल ते आज सांगता येतं. "कोण कुणाला किती ओढतंय ते एकदा कळालं की झालं," ते म्हणत. "नळाचं पाणी माणसं सोडतात. चंद्राला कोण सोडत न्हाई. तो ओढीनं येतो." बायकोनं होकार दिला. अट एकच. मी त्यांच्या मागं सावलीसारखं राहायचं, आणि ते पडले तर दुसऱ्या दिवशी सामान बांधायचं, न पडले तर गच्ची त्यांचीच. ती खाली स्वयंपाकघरात थांबणार होती. पडल्याचा आवाज तिथं चांगला येतो.

आम्ही जिना चढलो. मामा एकेक पायरी, मी मागं दोन्ही हात पसरून, विहिरीतून घागर वर येताना धरतात तसा. वर शेजारणीनं कुरडया वाळत घातल्या होत्या, ग्रहण म्हणून त्यांवर तुळशीची पानं. सूर्य मावळत आला. पूर्वेला धुरकट निळं. चंद्राचा पत्ता नाही. मामांनी कठड्याला ओळंबा टांगला, आता का ते विचारू नये, आणि बघत राहिले. मला शांतता सोसत नाही. "तो बघा मामा, आला," मी बोट दाखवून म्हणालो.

"तो पाण्याच्या टाकीवरचा दिवा हाय, अल्लुडू."

आणखी थोडा वेळ गेला. मला राहवेना. "मामा, या वेळी गणित चुकलेलं दिसतंय," मी म्हणालो. मामांनी मुळातच न हलणारा ओळंबा बोटानं पुन्हा स्थिर केला, आणि मग मला कळलं की या माणसाला नुसता चंद्र बघायचा नव्हता. आपण सांगितलेलं अजून येतं का, ते बघायचं होतं.

आणि तो आला. धुरकट निळ्यातून, हळूच, फिका, वरच्या कडेला कुरतडलेला. भाकरी ताटात पडायच्या आधी पोरानं तुकडा मोडावा तसा. मी फोटो काढायला दोन पावलं मागं सरकलो. तिसरं पाऊल कुरडयांवर पडलं. अर्धवट वाळलेली कुरडई साबणापेक्षा निसरडी असते, ही माहिती कुठल्याही पुस्तकात नाही. मी सगळा, पूर्ण लांबीनं, गुरुत्वाकर्षणाचा एकही नियम न मोडता पडलो.

खालून भांडं आपटल्याचा आवाज आला. मग बायकोचा, कधी न ऐकलेला, बारीक आवाज. "नायना?"

मामा चंद्रावरची नजर न काढता म्हणाले, "मी न्हाई, बिड्डा. अल्लुडू पडलाय."

ती धापा टाकत वर आली. आधी वडिलांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मग तिला इतकं हसू आलं की ती तिथंच कठड्याशी बसली. हसता हसता तिचे डोळे भरले. मामांनी तिचं डोकं हातानं पूर्वेकडं वळवलं. तिघं बघत राहिलो. चंद्राची कड भरत भरत पुरी झाली. माझा घोटा तोवर त्याच्याएवढा गोल झाला होता.

अटीप्रमाणं मामा जिंकले होते. गच्ची त्यांची होती. उतरायची वेळ आली तेव्हा मी लंगडत मागं, मामा मधे, आणि बायको त्यांच्या पुढं, उलटी, पाठीनं जिना उतरत. डोळे वडिलांच्या पावलांवर. ते भिंतीकडं कलले की ती भिंतीकडं, ते मोकळ्या बाजूला झुकले की ती तिकडं, हात पसरलेले, पण हात लावत नव्हती. तिच्या स्वतःच्या मागं उभा जिना होता, तिकडं तिनं एकदाही बघितलं नाही. अर्ध्यावर मामा थांबले. तिच्या पायांकडं बघत राहिले, यात्रेत बघतात तसे.

"बिड्डा," ते म्हणाले, "काठी पेलालीस तू."

"उतरा की नायना. बोलू नका."

"पेलणाऱ्यानंच किती करायचं," ते म्हणाले. "काठीनं पण जरा ऐकाय पायजे." आणि शेवटच्या पायरीवर, कुणी काही विचारलं नसताना, "उद्या सामान बांधू. कुलूप चांगलं घ्या, त्यो शेजारचा पोरगा लई चढतोय."

मामा आता आमच्याकडं असतात. पहिल्या दिवशी त्यांनी दाराच्या चौकटीत ओळंबा टांगला, एक डोळा मिटून बघितलं आणि घर उत्तरेला कललंय असं जाहीर केलं. ओळंबा तिथंच आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याचं डोकं त्यावर आपटतं, माझं दिवसातून पुष्कळदा. बायकोला मी एकदा तो काढू का विचारलं, तर ती म्हणाली, राहू दे, खाली जाऊन भेटतोय ना कुठंतरी.

संध्याकाळी ते अंगणात खुर्ची टाकून बसतात. समोरच्या इमारतीमुळं आमच्याकडं चंद्र उशिरा पोचतो. मी दुकानातून येतो तेव्हा ते बहुधा डुलक्या घेत असतात, मान एका खांद्यावर आलेली. मी त्या बाजूला खुर्ची ओढून बसतो. पंखा बसवणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये, पण त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर टेकतं आणि टेकलेलं राहतं.

परवा त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "अल्लुडू, चंद्र आला काय?"

"न्हाई अजून."

"येईल," ते म्हणाले. "पडत पडत येईल. जातोय कुठं."